बनुबाईला सभेत बोलायचं होतं

बनुबाई मेंबर झाली तेव्हा गावाने हार तिच्या नवऱ्याच्या गळ्यात घातला. यात कुणालाही वावगं वाटलं नाही, बिभीषणला तर मुळीच नाही. खर्ड्याच्या पुढे, बालाघाटाच्या कडेला असलेल्या त्या गावात बाईच्या राखीव जागेवर बाई निवडून येते आणि मेंबर तिचा नवरा होतो, अशी रीत पडून गेली आहे. बिभीषण त्या दिवसापासून कडक इस्त्रीची टोपी घालू लागला. एसटीच्या कंडक्टरलासुद्धा तो ‘मी मेंबर’ असंच सांगायचा. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेला खुर्चीत तो बसायचा. बनुबाई डोंगरवस्तीवर शेळ्या राखायची आणि कागद घरी आला की सही करायची. सही मात्र तिची स्वतःची होती. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची ठसठशीत सही.

गावाचं नाव सांगत नाही. दोन्ही पार्ट्या अजून नांदत आहेत, उगाच कशाला?

डोंगरवस्ती म्हणजे गावापासून वर, माळावरची पंचवीसएक घरं. गावात नळयोजना आली, खाली घरोघरी तोट्या लागल्या, वस्तीवर मात्र पाइप चढलाच नाही. बायका खालच्या विहिरीवरून पाणी आणत. बनुबाईची सून मोनिका राहुरीकडची, मुळा धरणाच्या पाण्यावर वाढलेली. तिने दोन उन्हाळे डोक्यावर हंडे वाहिले, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात लेकराला कडेवर घेऊन माहेरी गेली. भांडली नाही, रडली नाही. जाताना सासूच्या पाया पडून म्हणाली, “आत्या, नळ आला की येते.”

बनुबाईला सुनेचा राग आला नाही. खरं तर आपल्याला हे वीस वर्षांपूर्वी का सुचलं नाही, याचंच तिला वाईट वाटलं. नातवाच्या पायातले वाळे तेवढे तिने उशाशी ठेवले आणि मनाशी पक्कं केलं, की नळ आणायचाच.

तिने बिभीषणला विचारलं. बिभीषणने ज्ञानेश्वर अण्णांना विचारलं. अण्णा म्हणजे पॅनलप्रमुख. नऊ मेंबरांत, ते स्वतः धरून, सात त्यांचे, म्हणजे गावात पान हललं तरी आधी अण्णांना विचारून हलायचं. अण्णा म्हणाले, “नळ सरपंच अडवतीया. तिला वस्तीचं काय पडलंय?”

सरपंच होती सरवरी. सायकलदुकानवाल्या अझहरची बायको, तिशीच्या आतबाहेरची. त्या पंचवार्षिकात सरपंच गावाने थेट निवडायचा नव्हता, निवडून आलेल्या मेंबरांनी आपल्यातून एक जण बसवायचा होता, आणि खुर्ची बाईसाठी राखीव होती. अण्णांनीच सरवरीला बसवलं. गरिबाघरची आहे, सांगू तिथे सही करील, हा त्यांचा हिशेब. वर्षभर तिने केलीही. मग ती सहीच्या आधी कागद वाचू लागली. अण्णांना नाकापेक्षा मोती जड झाला. त्यांनी मेंबर असलेल्या आपल्या भावजयीला खुर्चीत बसवायचं ठरवलं आणि सरवरीवर अविश्वासाचा ठराव आणला. ‘मनमानी कारभार, सदस्यांना विश्वासात न घेणे’ असं त्यात लिहिलं होतं. बनुबाईने खाली सही केली ती नळासाठी. तिला सरवरीचा खरोखर संताप आला होता.

ठराव दिला की मेंबरांना सहलीला न्यायचं, ही आपल्या मुलुखातली दुसरी रीत. ठराव पास व्हायला नवातली सात मतं लागत होती, आणि अण्णांकडे बरोब्बर सात होती. त्यातलं एकही इकडचं तिकडे होऊ नये म्हणून सातही मेंबर, बायामेंबरांच्या नवऱ्यांसकट, दोन गाड्यांत भरून शिर्डीच्या एका हॉटेलात नेऊन ठेवले. मोबाईल एका पिशवीत गोळा केले आणि पिशवी अण्णांच्या मांडीवर गेली. दर्शन, जेवण, झोप. बिभीषण खूश होता. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणीतरी पळवून नेण्याच्या लायकीचा समजलं होतं.

दुपारी पुरुष मंडळी पत्ते खेळत बसली. बायका एका खोलीत आडव्या झाल्या. कॉलेज शिकलेली ज्योती, तीही मेंबरच, टीव्हीची बटणं दाबत होती. मध्येच एक मोठं गोलाकार सभागृह दिसलं, हिरव्या बाकांचं. एक जण उभा राहून तावातावाने बोलत होता आणि बाकीचे आरडाओरडा करत होते.

“ऱ्हाऊ दे हेच,” बनुबाई उठून बसली. “काय चाललंय ह्ये?”

“संसद हाय मावशी, दिल्लीची. सरकारवर अविश्वास आणलाय.”

“आपल्यावानी?”

“आपल्यावानीच,” ज्योतीला हसू आलं. “तिथंबी लोक पंतप्रधान थेट निवडत न्हाईत. लोक खासदार निवडतात, अन् निम्म्याहून जास्त खासदारांचा ज्याच्यावर विश्वास, त्यो पंतप्रधान. विश्वास हाय तवर खुर्ची. न्हाई म्हनले की उतरा खाली.”

“मग ह्यो बाबा कशापाई वरडतोय? पटकन हात वर करून मोकळं हुयाचं.”

“त्यो विरोधी पक्षाचा. सरकारनं काय काय चुकवलं त्ये सांगतोय. मग सरकारची मानसं उठून उत्तर देनार. समद्यांचं झालं, की शेवटाला मत.”

“तवर मत न्हाई?”

“तवर न्हाई.”

बनुबाई टीव्हीकडे बघत राहिली. भाषा हिंदी, निम्मं कळत नव्हतं. पण एक गोष्ट तिला लख्ख कळत होती. ज्याच्यावर आरोप होता तो समोरच बसला होता, ऐकत होता, आणि त्याला उत्तर द्यावं लागणार होतं.

“किती येळ चालतंय?”

“तीन दिवस बोलनार म्हनत्यात.”

“अन् आपली सभा?”

“आपली कसली सभा, मावशी! सायेब कागद वाचनार, आपन हात वर करनार, च्या बी गरम ऱ्हाईल.”

अडीच वर्षांत आपण पंचायतीच्या खोलीत एकदाही बोललो नाही, हे बनुबाईला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. सून गेली, नातू गेला, आणि ज्या खोलीत नळाचं ठरतं तिथे आपल्या खुर्चीवर बसून बिभीषण लोकांना तंबाखू मळून देत होता. तिला नवऱ्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत आयुष्य गेलं. आता ही मूठ उघडायची आणि सरवरीला भरल्या सभेत तोंडावर विचारायचं, की माझ्या वस्तीचा नळ का अडवलास? उत्तर ऐकायचं आणि मगच हात वर करायचा.

तेवढ्यात अण्णा खोलीत डोकावले. “काय ती भांडनं बघताय? पिच्चर लावा एखादा,” म्हणाले, आणि स्वतःच चॅनल बदलून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी सगळ्यांना हॉटेलच्या हॉलमध्ये बोलावलं. वर्तमानपत्राच्या कागदावर बेलाची पानं आणि भंडारा ठेवला होता. बेलभंडारा उचलून देवाला साक्ष ठेवायची, की मत ठरल्याप्रमाणेच देऊ. फुटला तर त्याचं तो बघून घेईल, म्हणजे देव बघून घेईल. एकेक जण पुढे झाला. ज्योतीनेही तोंड वाकडं करून उचलला.

बनुबाई जागची हलली नाही. “मी न्हाई उचलनार.”

अण्णा गोड हसले. “का, अक्का? नळ नको व्हय वस्तीला?”

“नळ पायजेच. सरवरीवर राग हायेच माझा. पन मला आदी सभंत ईचारायचंय तिला. ती काय म्हनती त्ये ऐकनार, मग मत देनार. न ऐकता आजच शपथ कशी घिऊ?”

“अक्का, अविश्वासाच्या सभंत कुनी बोलतंय व्हय? हात वर करायचा, गुलाल घ्यायचा.”

“दिल्लीत तीन दिस बोलत्यात.”

“ती दिल्ली!” अण्णांचं हसू आता ओठांपुरतंच राहिलं होतं. एवढ्या साध्या प्रश्नाला हा माणूस का दचकतोय, हे बनुबाईला कळेना. पण तो दचकला हे तिने पाहिलं.

बायकोने चार लोकांत आपली शोभा केली असं बिभीषणला वाटलं. तो तरातरा पुढे आला, बेलभंडारा दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला आणि म्हणाला, “मेंबरच्या वतीनं मी उचलतो. आमचं मत ठराल्यालंच. देवाशपथ.”

अण्णांनी त्याची पाठ थोपटली. नवऱ्याने शपथ घेतली म्हणजे बायकोने घेतली, यात अण्णांना काडीची शंका आली नाही. बाकीच्यांनाही आली नाही. अडीच वर्षं मेंबर म्हणून बिभीषणच तर दिसत होता. बनुबाई फक्त नवऱ्याच्या कपाळावरच्या पिवळ्या बोटांकडे बघत राहिली.

सभेच्या दिवशी गाड्या थेट ग्रामपंचायतीच्या दारात थांबल्या. तहसीलदार आले होते, अविश्वासाच्या सभेला अध्यक्ष तेच असतात. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की मेंबर आणि ग्रामसेवक सोडून सगळ्यांना बाहेर काढलं. बिभीषण सवयीने खुर्ची ओढून बसला होता. “आपण सदस्य?” साहेबांनी विचारलं. बिभीषणने बायकोकडे बोट दाखवलं. “मग त्या बसतील,” साहेब म्हणाले. इस्त्रीची टोपी सावरत बिभीषण खिडकीबाहेर जाऊन उभा राहिला.

बनुबाई त्या खुर्चीत बसली. समोर सरवरी होती, डोक्यावरून ओढणी घेतलेली, चेहरा उतरलेला. तिच्या बाजूला तिचा एकमेव माणूस, म्हातारा कानिफनाथ. साहेबांनी ठराव वाचला आणि चष्मा काढला. “तर आता मतदानाला...”

“सायेब, मला बोलायचंय.”

आपलाच आवाज बनुबाईला परका वाटला. अण्णा खाकरले. “सायेब, मतदान घ्या. बाईमानूस हाय, त्यांना कायदा ठाऊक न्हाई.”

“सदस्य आहेत त्या. बोला बाई.”

ती उठून उभी राहिली. तिने टेबलाची कड घट्ट धरली. “सरवरी, माझी सून घर सोडून गेली पान्यापाई. दोन वरीस झाली. डोंगरवस्तीचा नळ तू का अडवलास त्ये समद्यांम्होरं सांग.”

सरवरी खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, “मावशी, मी न्हाई अडवला. पाइप अण्णांच्या बांधावरनंच वर चढवता येतोय. दुसरीकडं समदा खडक हाय. अण्णा न्हाई म्हनले.”

“खोटं हाय!” अण्णा ताडकन उठले.

“बसा,” साहेब म्हणाले. “त्यांचं पूर्ण होऊ द्या.”

“खोटं न्हाई,” सरवरीचा आवाज आता चढला होता. “अन् मी त्ये कुनाला सांगितलं न्हाई. अण्णांच्या मतांवर बसल्ये हुते. सांगितलं असतं तर तवाच उतरवलं असतं मला. खुर्चीपाई गप बसले. तुमच्या वस्तीचं पानी माझ्या गप बसन्यानंबी अडलं, मावशी. चुकलं माझं.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! नळ अडवणाऱ्याच्याच गाडीत बसून, त्याच्याच पैशाने जेवून, बनुबाई नळासाठी मत द्यायला आली होती. तिच्या डोक्यात सणक गेली. वाटलं, टेबल उलथून द्यावं. पण तिने टेबलाची कड सोडली नाही.

“अण्णा,” ती वळून म्हणाली, “तुमच्या बांधावरनं पाइप जाऊ देता का न्हाई?”

“हा विषय आज न्हाई. सायेब, सांगा ह्यास्नी.”

“आजचा विषय विश्वासाचा आहे, बाई,” साहेब म्हणाले खरे, पण त्यांनाही आता ऐकायचं होतं.

“माझ्या ईश्वासाचंच बोलतीया मी, सायेब. अण्णा, व्हय का न्हाई?”

अण्णांनी सभोवार पाहिलं. सातवं मत समोर उभं होतं. नाही म्हणावं तर ठराव जातो, हो म्हणावं तर बांध जातो. दारात, खिडकीत गाव जमलं होतं, आणि डोंगरवस्तीच्या चार बायका सगळ्यात पुढे होत्या. अण्णा मुरलेले होते, त्यांनी पटकन हिशेब केला. “न्या की पाइप! मी कवा न्हाई म्हनलो? गावाच्या भल्याला ज्ञानेश्वर कदी आडवा आला न्हाई.”

“हे लिवा, सायेब.”

“लिहितो,” साहेब म्हणाले आणि त्यांनी खरोखर ग्रामसेवकाला लिहायला लावलं.

मग मतदान झालं. ठरावाच्या बाजूने हात वर करा म्हटल्यावर सहा हात वर गेले. अण्णांनी आपला हात वर धरूनच बनुबाईकडे पाहिलं. बनुबाईचे दोन्ही हात मांडीवर होते.

“अक्का, पाइप दिला की म्या!”

“दिलात, उपकार झाले. पन अण्णा, तुमी मला खोटं सांगून हाटेलात कोंडलंत. हिनं भर सभंत चुकलं म्हनून सांगितलं. तुमी सांगा, मी कुनावर ईश्वास टाकू?” ती सरवरीकडे वळली. “अन् तू लई खूश व्हऊ नगंस. तुझ्यामागं आता तुझा, कानिफनाथाचा अन् माझा हात. दर म्हयन्याच्या सभंत तुला हातच लागनार हाईत. पाइप चढला न्हाई, तर ह्यो हात खालीच ऱ्हाईल.”

ठराव एका मताने पडला. बाहेर आणलेला गुलाल पोत्यातच राहिला. अण्णा पाय आपटत गेले, आणि जाताना बिभीषणला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परतीच्या वाटेवर बिभीषण चार पावलं मागून चालत होता. माळ चढून झाल्यावर त्याचा धीर सुटला. “अगं, म्या बेलभंडारा उचलला हुता. तुझ्या वतीनं. आता द्येव काय करंल माझं?”

बनुबाई थांबली. त्याचा रडवेला चेहरा बघून तिचा राग निम्मा उतरला. “अवो, तुमी मेंबर हाय का?”

“न्हाई.”

“मत हाय का तुमाला तितं?”

“न्हाई.”

“मग जे तुमचं नव्हतंच त्ये तुमी मोडलं कुटं? द्येवाला एवडं कळतंय. अण्णाला न्हाई कळलं.” आणि पुढे चालता चालता म्हणाली, “म्होरल्या सभंला मीच जानार हाय. शेळ्या तुमी सोडा त्या दिशी.”

सभेच्या दिवशी शेळ्या बिभीषणने सोडल्या, टोपी घालूनच.

बांधावर चर खणला जाताना अण्णांनी बराच त्रागा केला. मोजणी आणा म्हणाले, पीक उभं आहे म्हणाले. प्रत्येक वेळी वस्तीच्या बायका एवढंच म्हणायच्या, “सायबाम्होरं बोलला हुता, अण्णा.” अख्ख्या गावाने खिडकीतून ऐकलं होतं ते, मागे घेणार कसं? पाइप चढला. मोनिका लेकराला घेऊन आली, तोटी उघडून बघितली, आणि मगच पिशवी घरात ठेवली. बनुबाईने नातवाला उचललं आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

आता महिन्याच्या सभेत चहा गार होऊन जातो. नळ आल्यानंतरच्या पहिल्या सभेत सरवरी हसतमुखाने म्हणाली, “डोंगरवस्तीचं काम झालं. बनुमावशी, आता खूश का?”

बनुबाई उठली. आता तिला टेबलाची कड लागत नव्हती. “नळ आला, बेस झालं. पन खाली रोज पानी येतंय अन् आमाला तीन दिसांनी. का?”

अण्णांनी तिकडून लगेच हात वर केला. “व्हय, का? आमालाबी ऐकायचंय.”

सरवरीने दोघांकडे पाहिलं. तिचं हसू मावळलं. तिने पदरासारखी ओढणी खोचली, समोरचे कागद ओढले आणि उत्तर द्यायला उभी राहिली.